महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती साक्षरता : मापन-साधनांची चिकित्सा

सारांश

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या माहिती साक्षरतेचे मापन बहुतांशी स्व-मूल्यमापनाच्या प्रश्नावलीद्वारे केले जाते. अशा प्रश्नावलीतून विद्यार्थ्याचे स्वतःविषयीचे मत कळते, कौशल्य कळत नाही, ही प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. परदेशी चाचण्या जशाच्या तशा वापरणे हाही पर्याय अपुरा आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व मराठवाडा या परिसरातील प्रत्यक्ष माहितीवर आधारित, मराठीतून देता येणाऱ्या कृती-आधारित चाचणीची रूपरेषा येथे मांडली आहे.

बीजशब्द : माहिती साक्षरता, मूल्यमापन, स्व-मूल्यमापन, वैधता, कृती-आधारित चाचणी, मराठवाडा.

१. प्रस्तावना

एकविसावे शतक हे माहितीचे शतक आहे, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. माहिती मुबलक झाली, हे खरे. ती पारखण्याचे सामर्थ्य त्याच प्रमाणात वाढले काय, हा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे विचारावा लागतो. दि. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांचा जीव घेतला. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. आलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तो कोणाकडून आला, कशाच्या आधारे आला, हे विचारण्याची सवय समाजात किती रुजली आहे, याचे हे विदारक उदाहरण होय. ही सवय लावण्याचे काम ज्या संस्थांकडून अपेक्षित आहे, त्यांत महाविद्यालयाचे स्थान वरचे आहे.

शैक्षणिक कारणही तितकेच निकडीचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना लागू झाली. तीत क्षेत्र-प्रकल्पासारख्या घटकांना श्रेयांक आहेत. चार वर्षांची संशोधनासह ऑनर्स पदवी घेणाऱ्यास संशोधन प्रकल्पही करावा लागतो. पूर्वी जे काम पदव्युत्तर विद्यार्थ्याचे मानले जात असे, ते आता खेड्यातून आलेल्या, घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यापुढे येऊन ठेपले आहे. त्याला हे काम जमते किंवा नाही, हे जाणून घेतल्याखेरीज त्याला काय शिकवावे, हे ठरविता येणार नाही. म्हणून मापन आवश्यक आहे. आणि म्हणूनच सदोष मापन अधिक घातक आहे. विद्यार्थी माहिती साक्षर असल्याचा निष्कर्ष अहवालात एकदा नोंदविला गेला की शिकविण्याची जबाबदारी संपल्यासारखी होते.

२. संकल्पना आणि तिची मानके

‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा १९७४मध्ये पॉल झुर्कोव्स्की यांनी अमेरिकेतील ग्रंथालय व माहितीशास्त्रविषयक राष्ट्रीय आयोगास सादर केलेल्या निबंधात वापरली. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने १९८९च्या अहवालात तिला स्थिर रूप दिले. माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, तिचे मूल्यमापन करणे आणि तिचा परिणामकारक उपयोग करणे, या चार क्षमता त्या अहवालाने सांगितल्या. पुढे महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या अमेरिकन संघटनेने २०००मध्ये उच्च शिक्षणासाठी पाच मानके व बावीस निर्देशक निश्चित केले.

आपल्याकडील लेखनात या २०००च्या मानकांचा आधार वारंवार घेतला जातो. परंतु ज्या संघटनेने ती तयार केली, तिनेच २०१६मध्ये ती रद्द केली, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. त्यांच्या जागी सहा संकल्पनांवर आधारलेला आराखडा स्वीकारण्यात आला. अधिकार हा संदर्भानुसार ठरतो, संशोधन म्हणजे सतत प्रश्न विचारणे होय, शोध घेणे हे धोरणपूर्वक करावयाचे काम आहे, अशा स्वरूपाच्या त्या संकल्पना आहेत. कौशल्यांची यादी करून त्यापुढे खुणा करण्याची पद्धत अपुरी पडते, असा या बदलाचा अर्थ घेता येईल. रद्द झालेल्या मानकांवरून नवी प्रश्नावली रचताना त्याचे कारण तरी देणे संशोधकाचे कर्तव्य आहे.

‘प्रश्न विचारणे’ ही कल्पना या शहराला परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५०मध्ये येथे सुरू केलेले महाविद्यालय पुढे ‘मिलिंद’ या नावाने ओळखले जाऊ लागले. हे नाव पाली ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील ग्रीक राजाचे आहे. हा राजा भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो, दृष्टांत मागतो आणि समाधान होईपर्यंत थांबत नाही. आपल्या मापन-साधनांतून मात्र विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येतो काय, एवढेच नेमके तपासले जात नाही.

३. प्रश्नावली काय मोजते?

प्रचलित अभ्यासांचा साचा परिचित आहे. ‘मला इंटरनेटवर हवी ती माहिती शोधता येते’, ‘माहितीची विश्वसनीयता मी तपासतो’, अशी विधाने दिली जातात. ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पर्याय असतात. उत्तरांची टक्केवारी काढली जाते, तक्ते होतात आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांना माहिती शोधता येते, तथापि ग्रंथालयाने उद्बोधन वर्ग घ्यावेत, असा निष्कर्ष येतो. या साच्यावर पुढील आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप साधनाविषयी आहे. ही पंचबिंदू श्रेणी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२मध्ये अभिवृत्तीच्या मापनासाठी मांडली. एखाद्या विषयाकडे मनुष्य कोणत्या दृष्टीने पाहतो, हे तिने कळते. पोहता येते काय, हे विचारून कळत नाही. त्यासाठी पाण्यात उतरावे लागते. माहिती शोधणे व पारखणे ही कृती आहे. कृतीचे मापन मताच्या मोजपट्टीने करणे, हा मूलभूत दोष होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याला एखादे कौशल्य येत नाही, त्याला आपल्याला ते येत नाही हेही बहुधा कळत नसते. डेव्हिड डनिंग व जस्टिन क्रूगर यांनी १९९९मध्ये दाखविलेली ही बाब माहिती साक्षरतेच्या क्षेत्रात मेलिसा ग्रॉस व डॉन लेथम यांनी २००७मध्ये अमेरिकेतील नवप्रवेशित विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन तपासली. चाचणीत कमी गुण मिळविणाऱ्यांनी आपल्या गुणांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच अधिक बांधला होता. हे निष्कर्ष परदेशातील आहेत. तथापि त्यांमुळे उपस्थित होणारी शंका आपल्याला टाळता येत नाही. स्व-मूल्यमापनाची चूक सर्वांची सारखी नसते. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्या बाबतीत ती सर्वाधिक असते. परिणामी, ज्या विद्यार्थ्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, तोच तक्त्यात ‘सहमत’च्या रकान्यात जाऊन बसतो.

तिसरा आक्षेप नमुन्याविषयी आहे. प्रश्नावल्या अनेकदा ग्रंथालयाच्या वाचनकक्षात वाटल्या जातात. म्हणजे जो ग्रंथालयात येतच नाही, तो अभ्यासातून आरंभीच वगळला जातो. शिवाय वाचनकक्षात बसलेला प्रत्येक जण ग्रंथालयाचे साहित्य वापरतो, असेही नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे अनेक विद्यार्थी स्वतःची पुस्तके आणून अभ्यासिकेत बसतात. ती त्यांची खरी गरज आहे आणि ती भागविणे योग्यच आहे. मात्र त्या उपस्थितीवरून माहिती साक्षरतेचा अंदाज करणे योग्य नव्हे.

चौथा आक्षेप संख्याशास्त्राच्या वापराविषयी आहे. क्रॉनबाख अल्फाचे मूल्य चांगले आले की साधन ‘प्रमाणित’ झाले, असा समज आढळतो. अल्फा प्रश्नांची परस्पर-सुसंगती दर्शवितो. वजनकाटा प्रत्येक वेळी तेच वजन दाखवीत असेल तर तो सुसंगत म्हणावा. परंतु त्याने उंची मोजता येत नाही. विश्वसनीयता आणि वैधता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि कौशल्याच्या बाबतीत वैधतेचा प्रश्न प्रश्नावली सोडवीत नाही.

४. आयात केलेल्या चाचण्या

प्रत्यक्ष चाचणीचे प्रयत्न परदेशात झाले आहेत. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात २००१च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सेल्स’ प्रकल्पाने बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी तयार केली. ती २०००च्या मानकांवर आधारलेली होती. अशा चाचण्या मतापेक्षा ज्ञान मोजतात, हा त्यांचा गुण. परंतु योग्य पर्याय ओळखता येणे आणि प्रत्यक्ष शोधात तो मार्ग अवलंबिणे, यांत अंतर राहतेच.

या अंतरावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅक्ग्रू यांच्या २०१७च्या अभ्यासाने चांगला प्रकाश टाकला. त्यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखण्यास दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या, सारखी नावे असलेल्या दोन संघटनांची संकेतस्थळे होती. एक मोठी व्यावसायिक संघटना, तर दुसरी त्यातून फुटलेला लहान गट. विद्यार्थी आणि काही इतिहासतज्ज्ञही त्याच पानावर रेंगाळले. मांडणी, बोधचिन्ह, संदर्भांची संख्या पाहून मत बनवू लागले. तथ्य-तपासनीसांनी मात्र ते पान लगेच सोडले आणि त्या संघटनेविषयी इतरांनी काय लिहिले आहे, हे आधी पाहिले. विद्वत्ता आणि माहिती पारखण्याची रीत या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हा या अभ्यासाचा धडा विद्यार्थ्यांइतकाच अध्यापकांनाही लागू आहे.

तरीही या कृती जशाच्या तशा येथे आणता येणार नाहीत. अमेरिकन संघटनांविषयीचा इंग्रजी मजकूर मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे ठेवला, तर त्याच्या पारखण्याच्या कौशल्याची परीक्षा होण्याऐवजी इंग्रजीची परीक्षा होईल. तो नापास झाला, तर नेमका कशात नापास झाला, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून रीत स्वीकारावी, आशय आपला असावा.

५. स्थानिक आशयाची चाचणी

असा आशय दूर शोधण्याची गरज नाही. ज्या शहरात विद्यार्थी शिकतो, त्या शहराचे नावच एक उत्तम प्रश्नपत्रिका आहे. मलिक अंबरच्या काळातील खडकी, पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर अशी ही नावे आहेत. ‘खडकी’ हे नाव शोधल्यास पुण्यालगतची खडकी समोर येते. ‘औरंगाबाद’ शोधल्यास बिहारमधील त्याच नावाचा जिल्हाही येतो. २०११च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३७ लाख, तर बिहारमधील जिल्ह्याची सुमारे २५ लाख होती. राज्याचे नाव न पाहता पहिला आकडा उतरविणाऱ्या विद्यार्थ्याचा सारा प्रकल्प दुसऱ्याच जिल्ह्यावर उभा राहू शकतो. केवळ नवे नाव टाकून शोध घेणाऱ्याला जुनी गॅझेटिअर, जनगणनेचे तक्ते, शोधनिबंध यांतील बहुतेक साहित्य सापडणारच नाही. विद्यापीठाची गोष्टही तशीच. १९५८मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्यापूर्वीचे प्रबंध मुखपृष्ठावर जुनेच नाव धारण करतात. ‘समानार्थी शोधसंज्ञा वापरता येतात काय?’ हे विचारण्यापेक्षा, ‘या शहराविषयीचे १९७० ते आजपर्यंतचे साहित्य शोधण्यासाठी कोणकोणती नावे वापराल व का?’ असे विचारणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या धर्तीवर पाच कृतींची चाचणी सुचविता येईल.

(१) गरज ओळखणे : ‘मराठवाड्यातील पाणीप्रश्न’ असा ढोबळ विषय द्यावा आणि त्यातून एका सत्रात उत्तर शोधता येईल असा एकच नेमका प्रश्न लिहावयास सांगावे.

(२) शोध : वरीलप्रमाणे स्थळनामांची निवड करून ग्रंथालयाची तालिका, मराठी विश्वकोश आणि शोधगंगा यांत प्रत्येकी एक नोंद शोधण्यास सांगावे. मराठी शीर्षके काही तालिकांत रोमन लिपीत नोंदलेली असतात. ही अडचण विद्यार्थी कशी सोडवितो, हेही पाहावे.

(३) मूल्यमापन : औरंगाबाद जिल्ह्याची १९७१ व १९९१ची लोकसंख्या देऊन वाढीविषयी भाष्य करण्यास सांगावे. दि. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला असल्याने ही तुलना सरळ करता येत नाही. राज्याच्या वाढीशी ताडून पाहिल्यास जिल्ह्याची वाढ विलक्षण कमी दिसते; ती विसंगती विद्यार्थ्याला खटकते काय, हा खरा प्रश्न आहे.

(४) पडताळणी : तीन संदर्भ द्यावेत, दोन खरे, एक रचलेला. २०२२च्या अखेरीपासून प्रचारात आलेली संभाषणात्मक कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही आत्मविश्वासाने देतात. कोणता संदर्भ खोटा, एवढे ओळखणे पुरेसे नाही. ते कसे शोधले, हे लिहावे लागेल. याच कृतीत महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीविषयी समूहातून आलेला एखादा संदेश देऊन त्याची खातरजमा अधिकृत शासकीय संकेतस्थळावरून करण्यास सांगता येईल. चुकीच्या मुदतीवर विश्वास ठेवणाऱ्याचे वर्षाचे शुल्क बुडू शकते, हे विद्यार्थी जाणतो.

(५) उपयोग व श्रेयनिर्देश : एका परिच्छेदाचा आशय स्वतःच्या मराठीत, स्रोताच्या उल्लेखासह लिहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यामुळे टक्का कमी करणे म्हणजेच प्रामाणिकपणा, असा गैरसमज पसरला आहे. शब्द बदलून कल्पना उचलणे कोणत्याही संगणकप्रणालीच्या टक्क्यात येत नाही. ते वाचणाऱ्यालाच ओळखावे लागते.

६. गुणदानाची पद्धत

प्रत्येक कृतीस शून्य ते तीन गुण असावेत आणि प्रत्येक पायरीचे वर्णन आधी लिहून ठेवावे. तिसऱ्या कृतीचे उदाहरण घेऊ. दोन्ही आकडे वजा करून वाढ सांगणाऱ्यास शून्य. वाढ कमी असल्याचे आश्चर्य नोंदवून तेथेच थांबणाऱ्यास एक. जिल्ह्याच्या सीमा बदलल्या असाव्यात, अशी शंका घेऊन जालना जिल्ह्याच्या निर्मितीपर्यंत पोचणाऱ्यास दोन. जालन्याची लोकसंख्या मिळविली तरीही तुलना तंतोतंत होत नाही, कारण परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून जालन्यात आला होता, येथपर्यंत जाणाऱ्यास किंवा आधाराअभावी तुलना करण्याचे सकारण नाकारणाऱ्यास तीन. ‘या आकड्यांवरून हे सांगता येत नाही’ हेही माहिती साक्षर व्यक्तीचे उत्तर असते. प्रश्नावलीत त्याला जागा नसते.

उत्तरपत्रिका ग्रंथपाल आणि विषयशिक्षक यांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात व दोघांच्या गुणांतील एकवाक्यता अहवालात द्यावी. विद्यार्थ्यांची निवड हजेरीपटावरून यादृच्छिक पद्धतीने करावी. इंग्रजी वाचनाची अडचण, संगणक वा इंटरनेटची अनुपलब्धता यांची नोंद वेगळ्या रकान्यात घ्यावी, म्हणजे साधनांचा अभाव हा कौशल्याचा अभाव ठरणार नाही. चाचणीपूर्वी विद्यार्थ्याला आपल्या अपेक्षित गुणांचा अंदाज लिहावयास सांगितल्यास अंदाज व प्रत्यक्ष यांतील अंतरही हाती येईल. असे झाल्यास प्रश्नावली टाकून द्यावी लागणार नाही. तिचे खरे स्थान तिला मिळेल.

७. संभाव्य आक्षेप

ही पद्धत वेळखाऊ आहे, हा आक्षेप खरा आहे. दोनशे प्रश्नावल्या एका दुपारी भरून घेता येतात. चाळीस विद्यार्थ्यांच्या पाच कृती तपासण्यास दोन परीक्षकांचे अनेक दिवस जातील. परंतु चाळीस विद्यार्थ्यांविषयी काही खरे कळणे, दोनशे जणांविषयी काहीच न कळण्यापेक्षा श्रेयस्कर आहे.

स्थानिक चाचणीमुळे इतर विद्यापीठांशी तुलना करता येणार नाही, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर असे की, महाविद्यालयाला प्रथम आपल्याच विद्यार्थ्यांची प्रवेशाच्या वेळची व पदवीच्या वेळची स्थिती ताडून पाहावयाची आहे. लातूर वा नांदेड येथील महाविद्यालये याच पायऱ्या ठेवून आपापल्या जिल्ह्याचा आशय घालू शकतील. आशय वेगळा आणि निकष समान, अशी तुलना शक्य आहे. मात्र कृतींची काठिण्यपातळी आधी लहान गटावर तपासून घेणे अगत्याचे आहे.

तिसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. अशा चाचणीमुळे ग्रामीण व वंचित घटकांतील विद्यार्थ्यांवर ‘अक्षम’ असा शिक्का बसेल काय? हा धोका आहेच. म्हणून चाचणीचे गुण गुणपत्रिकेत जाऊ नयेत आणि नावानिशी प्रसिद्ध होऊ नयेत. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची उत्तरपत्रिका परत मिळावी व ती समोर ठेवून चर्चा व्हावी. येथे गुणांपेक्षा निदानाला महत्त्व आहे.

८. समारोप

सुविधा वाढल्या आहेत, यात शंका नाही. महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट आले. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेखाली जानेवारी २०२५पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके उपलब्ध होऊ लागली. दुसरीकडे, नियतकालिकांची पारख करून देणारी ‘केअर’ यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५मध्ये बंद केली. म्हणजे साहित्याचे दार अधिक उघडले आणि निवडीचा भार पूर्वीपेक्षा वाचकावरच अधिक आला. या स्थितीत विद्यार्थ्याला ‘तुला पारखता येते काय?’ असे विचारून त्याचा होकार तक्त्यात मांडणे हे संशोधन नव्हे.

वरील विवेचनावरून एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. माहिती साक्षरतेच्या मापनावरील लेख स्वीकारताना आमच्यासारख्या महाविद्यालयीन नियतकालिकांच्या परीक्षकांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा : विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय केले, याची नोंद असावी, चाचणीतील कृती व गुणदानाच्या पायऱ्या लेखासोबत पूर्ण छापल्या जाव्यात, आणि निवडक उत्तरे नावे गाळून दिली जावीत. टक्केवारी त्यानंतर यावी. असे दहा-बारा लेख जरी मराठीत प्रसिद्ध झाले, तरी मराठवाड्यातील विद्यार्थी माहितीशी कसा झुंजतो, कोठे अडतो आणि कोठे आपल्या अपेक्षेपेक्षा पुढे जातो, याचे आज उपलब्ध नसलेले चित्र हाती येईल, आणि वर्गात काय शिकवावे, याचा निर्णय त्या आधारे घेता येईल.